छापून आलं, मोबदल्याचं काय?

माझ्या कपाटात एक खाकी पाकीट अजून जपून ठेवलेलं आहे. त्यावरचा पत्ता माझाच आणि माझ्याच अक्षरातला, तिकिटंही मीच चिकटवलेली. मासिकाकडे कथा पाठवताना परतीचं पाकीट सोबत जोडायचं, हा तेव्हाचा शिरस्ता होता. आत कथेची दहा पानं होती आणि तळहाताएवढी छापील चिठ्ठी: ‘साभार परत’. तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीची बारीक उभी रेघ होती. कथा कुठे सैल पडते ते संपादकांनी एका रेघेत दाखवलं होतं. त्या रेघेवरून मी ती कथा पुन्हा लिहिली आणि दुसरीकडे ती छापून आली. पंधरा दिवसांनी मनीऑर्डर आली.

आज नवी लिहिणारी मुलं-मुली भेटतात, तेव्हा हे पाकीट आठवतं. त्यांना नकारही येत नाही. ईमेल जातो आणि तिकडून महिनोन्महिने अवाक्षर येत नाही. नाहीतर दोन दिवसांत होकार येतो, अंक निघतो, लेखाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो, आणि पैशाचा विषय दोन्ही बाजूंनी कुणीच काढत नाही. ‘कुठे पाठवू?’ या प्रश्नाला मराठीत आज भरपूर उत्तरं आहेत. ‘मोबदला कोण देतं?’ या प्रश्नाची उत्तरं मोजकी आहेत, पण आहेत. ती कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे एकदा नीट मांडायला हवं असं बरेच दिवस मनात होतं.

मराठीत निव्वळ लेखणीवर घर चालवलेली माणसं थोडी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचं नाव या बाबतीत पहिल्यांदा घ्यावं लागतं. बाकी मोठी नावं आठवून पाहा. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक, रत्नाकर मतकरी अनेक वर्षं बँकेत. लेखकाचं पोट नोकरीवर आणि लेखन फावल्या वेळात, ही रीत इतकी मुरली की लेखकाला पैसे देणं हा देणाऱ्याचा मोठेपणा ठरला. अंकाचा कागदवाला, डीटीपी करणारा, मुखपृष्ठाचा चित्रकार, बाइंडर या सगळ्यांचे पैसे अंक बाजारात येण्याआधी चुकते होतात. ज्याच्या मजकुरासाठी अंक विकत घेतला जातो, तो मात्र ‘बघू, अंक कसा जातोय’ या वाक्यावर थांबतो. हे चुकीचं आहे, आणि ही रीत बदलायला सुरुवात लेखकानंच करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सर्वांत मोठी बाजारपेठ अर्थात दिवाळी अंकांची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा मराठीचा खास ठेवा आहे. आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. पण बाहेरून एकसारखे दिसणारे हे अंक आतून फार वेगळे असतात आणि नव्या लेखकाला ते माहीत नसतं. ‘मौज’, ‘अक्षर’, ‘ऋतुरंग’ यांसारख्या अंकांची जुळणी उन्हाळ्यातच सुरू होते. विषय ठरतात, लेखकांना आमंत्रणं जातात. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ या तिघांचे पिंड एकमेकांपासून निराळे. गूढकथा ‘नवल’च्या अंगणातली. मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ 1951 पासून विनोदाचा. आपली कथा कोणत्या घरची आहे, हे त्या त्या अंकाची मागची दोन-तीन वर्षं वाचल्याशिवाय कळत नाही. ग्रंथालयात दिवाळी अंकांची वर्गणी भरून तीन महिने हे अंक वाचून काढणं, हा लेखकासाठी सर्वांत स्वस्त अभ्यासक्रम आहे.

वेळापत्रकाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे फार जणांचं घोडं अडतं. गणपती बसले की अंकाची पानं लागायला लागतात. तेव्हा आलेली कथा कितीही चांगली असली तरी तिला जागा नसते. न मागवता पाठवायचं असेल तर मे-जून हा काळ. जुलै म्हणजे उशीर व्हायला लागला. ऑगस्टमध्ये संपादक जाहिरातींच्या मागे असतो, कारण अंकाचा खर्च किमतीतून निघत नाही. तो सहकारी बँका, बिल्डर, सराफ आणि सरकारी महामंडळांच्या रंगीत पानांतून निघतो. जाहिराती आटल्या की पहिली कात्री मानधनाला लागते.

म्हणून अंकांची प्रतवारी अशी होते. काही मोजके अंक ठरल्याप्रमाणे मानधन देतात आणि अंकासोबत ते घरी येतं. बरेच अंक प्रतिष्ठित नावांना देतात आणि नवोदितांना अंकाची एक प्रत पाठवतात. उरलेल्यांपैकी काही तीही पाठवत नाहीत; लेखकानंच विकत घ्यावी अशी अपेक्षा असते. अलीकडे ‘दोन जाहिराती मिळवून द्या, कथा घेतो’ असाही निरोप येतो. हा निरोप आला की तिथेच थांबावं. लेखकाला जाहिरात-प्रतिनिधी करणाऱ्या अंकात वाचकाचाही विचार झालेला नसतो.

मी एका अंकाला दीर्घकथा दिली होती. मानधनाचं बोलणं फोनवर झालेलं, कागदावर काही नाही. अंक आला, पाडवा झाला, तुळशीचं लग्न झालं. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा संपादक अजीजीनं म्हणाले, “ताई, अंक तोट्यात गेलाय हो.” माणूस खोटारडा नव्हता. पण छापखान्याचं बिल त्यांनी भागवलं होतं, कारण छापखान्यानं बिल दिलं होतं. मी काहीच दिलं नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक लेखासोबत एक साधं पत्रक पाठवायला लागले: लेखाचं नाव, शब्दसंख्या, ठरलेलं मानधन, बँक खात्याचा तपशील, पॅन क्रमांक आणि ‘हे लेखन या अंकात एकदा छापण्यापुरतं देत आहे’ एवढं वाक्य. कुणी रागावलं नाही. दोघा-तिघांनी पत्रक मिळाल्यावर लेख परत केला, तेही बरंच झालं.

दिवाळीचा बाजार चार आठवड्यांचा. वर्षभराचा बाजार मासिकांचा असे आणि तो फार आकसला. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ या घराण्यानं लेखकांच्या दोन-तीन पिढ्यांना महिन्याच्या महिन्याला लिहितं ठेवलं. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये थांबली. मासिकं गेली तेव्हा पैशाइतकंच मोठं दुसरं नुकसान झालं: पेन्सिलीची रेघ ओढणारा संपादक गेला. ‘साधना’ 1948 पासून आणि ‘मिळून साऱ्याजणी’ 1989 पासून चालू आहेत, ही मोठी गोष्ट. अशा नियतकालिकांना जाहिरातीचं बळ नसतं. तिथे मिळणारी रक्कम लहान असेल, पण तिथला लेख वाचला जातो, जपला जातो, आणि पुढे त्याचं पुस्तक होतं. मी त्यांच्याकडून रकमेचा आग्रह धरत नाही. पदरमोड करून चाललेलं नियतकालिक आणि जाहिरातींवर पोसलेला अंक यांना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं होईल.

कवितेला बाजार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. लघुनियतकालिकांनी कधी मानधन दिलं नाही, आणि तरी मराठी कविता तिथेच घडली. अरुण कोलटकरांसारखा कवी अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं छापला. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977 साली आल्या, ‘भिजकी वही’ 2003 साली. त्या ‘भिजकी वही’ला कोलटकर गेल्यावर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवीनं पैसे शोधण्यापेक्षा असा एक प्रकाशक शोधावा, ज्याला ओळ कुठे तोडायची ते कळतं.

दैनिकांचं थोडक्यात. ‘लोकरंग’, ‘चतुरंग’, ‘सप्तरंग’, ‘संवाद’, ‘मंथन’ या पुरवण्यांना हजारेक शब्दांचा, ताज्या निमित्ताचा, माहितीचा कणा असलेला लेख लागतो. कथा-कविता त्यांना क्वचितच हवी असते. मानधन येतं, उशिरा येतं, आणि प्रत्येक वृत्तपत्राची रीत वेगळी. खरा फायदा सदराचा. वर्षभर एका विषयावर पंधरवड्याला लिहिलं की डिसेंबरात पंचवीस लेख हातात असतात आणि प्रकाशकाशी बोलायला तोंड असतं. दैनिकात नोकरी न करता बाहेरून लिहिणाऱ्याच्या लेखाचा स्वामित्वहक्क त्याच्याकडेच राहतो, त्यानं लेखी लिहून दिला नसेल तर. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, आणि ते आपलेच लेख पुस्तकात घ्यायला परवानगी मागत बसतात.

सरकारी आणि निमसरकारी दारं मात्र नवे लेखक ठोठावत नाहीत, याचं मला नवल वाटतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं; मुलांसाठी लिहिणाऱ्याला त्याच्याइतका मोठा आणि खेड्यापाड्यांत पोचलेला वाचकवर्ग दुसरीकडे मिळणार नाही, आणि तिथे मानधन मिळतं. आकाशवाणीवर भाषण, श्रुतिका, कथावाचन असेल तर आधी करारपत्र येतं, त्यावर रक्कम लिहिलेली असते, मग ध्वनिमुद्रण. रक्कम मोठी नसते, पण पद्धत अशी की खासगी अंकांनी तिचा कित्ता गिरवावा. वाईच्या मराठी विश्वकोशाला निरनिराळ्या विषयांतले नोंदलेखक सतत लागतात. शिक्षक, डॉक्टर, अभियंते, शेतीतज्ज्ञ यांनी मराठीत लिहायची सुरुवात तिथून करावी.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. 1960 साली स्थापन झालेल्या या मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. संहिता तज्ज्ञांकडून तपासली जाते आणि पसंत पडली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. तिशीच्या आतल्यांसाठी केंद्राची ‘पीएम-युवा’ योजना नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालली. निवडलेल्या तरुणांना सहा महिने दरमहा 50,000 रुपयांची शिष्यवृत्ती आणि पुस्तकावर 10 टक्के स्वामित्वधन. ती बारमाही उघडी नसते, जाहिरातीवर नजर ठेवावी लागते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 35 वर्षांपर्यंतच्या लेखकाला, 50,000 रुपयांचा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी वेगळे विभाग आहेत. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कारही इथल्या लेखकांना बळ देतात. पुरस्काराला उत्पन्न समजून त्यावर संसार मांडता येत नाही, पण एखादा पुरस्कार वर्षभराची उसंत देतो, आणि लेखकाला उसंतीची गरज पैशाइतकीच असते.

आता पुस्तकाकडे वळू. सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, आणि सर्वांत जास्त समाधानही इथेच आहे.

प्रकाशक निवडताना नवा लेखक मोठं नाव पाहतो. पाहायला हवं ते हे, की आपल्या प्रकारचं पुस्तक त्या घरातून आधी निघालं आहे का. 1963 साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ देशमुख आणि कंपनीनं काढली. 1978 साली दया पवारांचं ‘बलुतं’ आणि 1980 साली लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ ग्रंथालीनं काढलं. ग्रंथाली ही तेव्हा नवी वाचक चळवळ होती, आणि त्या पुस्तकांना तिच्यासारखंच कुणीतरी हवं होतं. आजही हेच खरं. आंबेडकरी विचारांचं लेखन सुगावानं पुण्यातून वर्षानुवर्षं छापलं. मुलांची पुस्तकं म्हटलं की ज्योत्स्ना प्रकाशन आठवतं. अनुवाद म्हटलं की मेहता. विज्ञान, इतिहास, समाजकारण यांतल्या भरीव गद्यासाठी राजहंस. कवितेसाठी आणि डाव्या वैचारिक लेखनासाठी लोकवाङ्मय गृह. समीक्षा आणि कवितेसाठी श्रीरामपूरचं शब्दालय. प्रकाशक फक्त पुण्या-मुंबईत आहेत हा समज नगर जिल्ह्यानं आणि मराठवाड्यानं केव्हाच खोटा ठरवला.

पाठवताना अख्खं बाड पाठवू नये. एका पानाचं पत्र, पुस्तकाचा गोषवारा, दोन प्रकरणं, अंदाजे पानं, आणि या पुस्तकाचा वाचक कोण आहे याची दोन वाक्यं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. जुन्या फाँटमधलं बाड उघडताना जोडाक्षरं फुटतात आणि वाचणाऱ्याचा उत्साह तिथेच मावळतो. तीन महिने थांबावं, मग एकदा आठवण करावी. एकाच वेळी दोघांकडे पाठवलं असेल तर दोघांना तसं कळवावं. मराठी प्रकाशनविश्व लहान आहे, तिथे शब्द पाळणाऱ्याची आठवण राहते.

पुस्तक निघालं की पैसे किती? इथे मी स्वामित्वधनाच्या एका हिशेबपत्राची रचनाच उलगडून दाखवते. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. छापील प्रती 500. भेट आणि परीक्षणासाठी 25. वर्षभरात विक्री 112. शिल्लक 363. किंमत 300 रुपये, स्वामित्वधन 10 टक्के. छापील किमतीवर धरलं तर प्रतीमागे 30 रुपये, म्हणजे वर्षाचे 3,360. करारात ‘प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर’ असं असेल आणि विक्रेत्याला 40 टक्के सूट गेली असेल, तर प्रतीमागे 18 रुपये, वर्षाचे 2,016. एका शब्दप्रयोगानं लेखकाचे 1,344 रुपये कमी झाले. म्हणून करार हातात आला की आधी हे वाक्य शोधावं. आणि सगळ्या प्रती संपल्या तरी या पुस्तकातून लेखकाच्या हाती पंधरा हजारांच्या आत रक्कम येणार, हेही मनाशी पक्कं करावं. दोन वर्षांच्या कामाचा हा मोबदला आहे. प्रकाशकाकडे नफ्याचे डोंगर आहेत असंही नाही. 300 रुपयांतले 120 विक्रीत गेले की उरलेल्या 180 मध्ये कागद, छपाई, गोदाम आणि लेखक बसवायचे असतात. हजाराची आवृत्ती पाचशेवर आणि पाचशेची तीनशेवर आली ती यामुळेच.

या अडचणीतूनच ‘लेखकाच्या खर्चानं प्रकाशन’ फोफावलं. त्याला सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही. गावाचा इतिहास, आजोबांच्या आठवणी, एखाद्या विषयावरचं मोजक्यांसाठीचं पुस्तक हे पदरचे पैसे घालून काढणं यात कमीपणा नाही. पण तो व्यवहार छपाईचा आहे, हे दोन्ही बाजूंनी कबूल असावं. फॉर्म्याचा दर विचारावा. 16 पानांचा एक फॉर्मा धरला तर 160 पानांचं पुस्तक म्हणजे 10 फॉर्मे, हा हिशेब कुणालाही करता येतो. कागद कोणता, किती प्रती छापल्या त्याचं छापखान्याचं बिल मिळेल का, प्रती कुणाच्या ताब्यात राहतील, मुद्रितशोधन कोण करणार, हे सगळं आधी लिहून घ्यावं. आयएसबीएन क्रमांकासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नयेत. भारतात तो केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं आपल्या कवितासंग्रहासाठी फंडातले पैसे दिले. प्रकाशन समारंभ झाला, शाली झाल्या, फोटो निघाले. दोन महिन्यांनी सहा खोकी टेम्पोतून त्यांच्या दारात उतरली. ती अजून त्यांच्या दिवाणाखाली आहेत. त्या बाईंच्या कविता वाईट नव्हत्या. ज्यानं पैसे घेतले त्यानं पुस्तक एकाही दुकानात ठेवलं नाही.

सार्वजनिक ग्रंथालयं हा मराठी पुस्तकाचा मोठा आधार. राज्यात 1967 च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी हजारो ग्रंथालयं आहेत, आणि ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीत पुस्तक आलं तर काहीशे प्रती एका वर्षात हलू शकतात. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही खरेदीला पैसे देतं. पुस्तक यादीसाठी मुदतीत पाठवणं हे प्रकाशकाचं काम. ते तो करतो का, हे त्याच्या आधीच्या लेखकाला विचारावं. मुक्त झालेल्या साहित्याशीही स्पर्धा आहे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो; साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 2011 पासून ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतो आणि बरेच जण छापतात. प्रदर्शनात त्या ढिगाशेजारी नव्या लेखकाचं पुस्तक ठेवलेलं असतं.

कायद्याची चार वाक्यं प्रत्येक लेखकानं पाठ करावीत. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. तोंडी बोलण्यानं हक्क जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो लेखकाकडे परत येतो. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचा हक्क नावानिशी उल्लेख केल्याशिवाय दिला जात नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पुस्तकासाठी सही केलेल्या कितीतरी लेखकांकडे त्यांच्या ऑडिओचा हक्क अजून शिल्लक आहे, आणि त्यांना त्याची कल्पना नाही.

यातूनच मला या सगळ्या प्रश्नाचं खरं उत्तर दिसतं. मराठीत पैसे पुस्तकाच्या पहिल्या छपाईत नाहीत. ते त्याच मजकुराच्या दुसऱ्या-तिसऱ्या जन्मात आहेत. कथेचं अभिवाचन, एकांकिका, ऑडिओ, अनुवाद, पाठ्यपुस्तकातला उतारा, मालिका, चित्रपट. म्हणून ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या तीन शब्दांवर सही करणं म्हणजे शेत विकताना विहीर, बांध आणि आंब्याचं झाड फुकट देऊन टाकणं. हक्क एकेक करून द्यावेत: छापील मराठी पुस्तकाचा इतक्या वर्षांसाठी, बाकीचे स्वतःकडे.

रंगभूमी याचं उत्तम उदाहरण. व्यावसायिक नाटकात लेखकाला प्रयोगामागे मानधन मिळतं, आणि नाटक चाललं तर पुस्तकानं कधीच मिळाले नसते एवढे पैसे मिळतात. हौशी रंगभूमीही लहान नाही. राज्य नाट्य स्पर्धा, पुण्याचा 1963 पासूनचा पुरुषोत्तम करंडक, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा, गॅदरिंग, कामगार कल्याण मंडळाचे मंच. यांत उतरणाऱ्या प्रत्येक संघाला संहिता लागते, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि लेखकाचं परवानगीपत्र लागतं. परवानगीपत्र देताना प्रयोगाचं मानधन घ्यावं, आणि एका स्पर्धेची परवानगी पुढच्या सगळ्या प्रयोगांना लागू नाही हे पत्रातच लिहावं. मालिकांचं लेखन हा आज मराठीतला सर्वांत जास्त पैसे देणारा व्यवसाय आहे. भागामागे दर ठरतो. पण तिथे रात्री बदल येतो आणि सकाळी चित्रीकरण असतं, आणि पैसे हाती यायला महिने लागतात. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हावं आणि गोष्ट कुणाला ऐकवण्याआधी तिथे नोंदवावी.

ऑडिओनं मराठीला नवं दार उघडलं. स्टोरीटेल 2017 साली भारतात आलं ते पहिल्यापासून मराठी घेऊन, आणि केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिका मराठी लेखकांकडून त्यांनी मागवल्या. कानासाठी लिहिणं ही वेगळी कारागिरी आहे. लांब वाक्य चालत नाही, पात्राचं नाव पुन्हा पुन्हा यावं लागतं. किंडलवर 2016 अखेरीपासून मराठी पुस्तकं आहेत आणि लेखक स्वतः पुस्तक चढवू शकतो. बुकगंगा मराठी वाचकांना परदेशातही पुस्तकं पोचवतं. प्रतिलिपीवर मालिका-कादंबऱ्या लिहून वाचक जमवणाऱ्या तरुण लेखिका मी पाहिल्या आहेत; छापील जगाला त्यांची नावं ठाऊक नाहीत, पण त्यांच्या पुढच्या भागाची हजारो जण वाट पाहतात. यांना कमी लेखणाऱ्या समीक्षकांशी माझं जमत नाही. रोज वाचक टिकवणं हे अर्नाळकरांचंच काम आहे.

अनुवादाकडे मात्र जास्त लोकांनी वळावं. मराठी घरात वाढलेल्या, कन्नड, तेलुगू, गुजराती, उर्दू किंवा हिंदी तितकंच चांगलं येणाऱ्या माणसाला काम मिळतं. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट शब्दांच्या हिशेबानं पैसे देतात. खासगी प्रकाशक बहुधा एकरकमी. एकरकमी घ्यायचंच असेल तर ते पहिल्या आवृत्तीपुरतं असावं आणि नाव आतल्या पानासोबत मुखपृष्ठावरही असावं. बेळगाव, सोलापूर, हैदराबाद, इंदूर, बडोदा, गोवा इथली दोन भाषांत वावरणारी मराठी माणसं या कामाला जन्मतःच तयार आहेत. मराठीतून इंग्रजीत जाणारी वाटही रुंदावते आहे. ‘बलुतं’ जेरी पिंटोंच्या अनुवादामुळे 2015 मध्ये इंग्रजी वाचकाला मिळालं, मूळ पुस्तकानंतर 37 वर्षांनी.

नव्या लेखकांना आणि जुन्यांनाही एकच विनंती. यंदा दिवाळी अंकाकडे कथा पाठवाल, तेव्हा पत्राच्या शेवटी ‘आपला स्नेहांकित’च्या आधी एक ओळ घाला: ‘मानधनाची रक्कम आणि ती मिळण्याची तारीख कृपया कळवावी.’ ज्यांची नावं मुखपृष्ठावर छापली जातात, त्या मान्यवर लेखकांनी ही ओळ सर्वांत आधी लिहावी. त्यांना मानधन न मागताही मिळतं. त्यांनी विचारलं तरच त्यांच्या मागच्या पानांवर छापलेल्या मुलीला ते मिळेल.